पाटीतला सूर

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकड्याला निघताना मैनाबाईंच्या एका हातात निरांजनाचं ताट असे आणि दुसऱ्या हातात लाल फडक्यात बांधलेली पाटी. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या विठ्ठलमंदिरात नव्यानं येणाऱ्या सुनांना वाटायचं, फडक्यात पोथी असेल. बांधलेलीही पोथीसारखीच, चारी टोकं नीट दुमडून. पण फडकं सोडलं की आतून निघायचा टॅबलेट. अकरा वर्षांचा, एका कोपऱ्याला काच तडकलेला आणि वायर लावल्याशिवाय पाच मिनिटंही तग न धरणारा. मैनाबाई त्याला पाटीच म्हणायच्या. समईशेजारच्या प्लगला ती लावायची, बोटानं दोन-तीन टिचक्या मारायच्या, की गाभाऱ्याच्या दगडी भिंतींतून पेटीचा सूर घुमायला लागायचा. पट्टी पांढरी पाच. मग मैनाबाई डोळे मिटून पहिली ओळ उचलायच्या आणि मागून वीस-बावीस बायका.

हा सूर बाजारातून आयता आलेला नव्हता. तो मैनाबाईंच्या यजमानांच्या, खुशालरावांच्या पेटीचा होता.

खुशालराव टिळक रोडच्या एका गाळ्यात मोटारी बांधायचे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बैलगाडीतून, पुढे पुढे टेम्पोतून यायच्या. त्यातली काळी पडलेली तार उकलायची आणि नवी गुंडाळायची, हा दिवसभरचा उद्योग. संध्याकाळी हातपाय धुऊन पेटी. हात काही मैफिलीचा नव्हता, भजनाला साथ करण्यापुरता होता. पण साथ कशाला म्हणतात ते त्यांना उमगलेलं होतं. मैनाबाईंचा गळा आज कसा आहे हे मैनाबाईंच्या आधी त्यांना कळायचं. सर्दी-पडसं असलं की काही न बोलता ते एक पट्टी खाली उतरायचे, आणि घरी येताना मैनाबाई म्हणायच्या, आज पांडुरंगानं बरं गाऊन घेतलं. खुशालराव नुसते हूं म्हणायचे.

पुढे त्यांचे गुडघे गेले. मंदिराच्या सतरा पायऱ्या चढणं बंद झालं. मंडळात दुसरं कोणी पेटीवालं नव्हतं. पहिल्या वर्षीचा काकडा नुसत्या टाळ-खंजिरीवर झाला, आणि सूर इतका वर चढत गेला की शेवटच्या आरतीला अर्ध्या बायकांचे गळे बसले. खुशालरावांनी घरी ओट्यावर बसून ते ऐकलं. पंधरा दिवसांनी ते हा टॅबलेट घेऊन आले. त्यात तंबोऱ्यासारखा अखंड सूर धरून ठेवणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी विकत घेऊन टाकलं होतं. फुकटातलं नव्हे, पैसे मोजून घेतलेलं, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगायचे. त्यात एक सोय होती. तयार सूर नको असेल तर आपल्या वाद्याचा सूर आपणच त्यात भरून ठेवायचा.

तो भरायला तीन दुपारी लागल्या. वैशाख महिना, अकोल्याचं ऊन, आणि आवाज नको म्हणून कुलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. मैनाबाईंनी हातातल्या बांगड्यांवर पदर गुंडाळून घेतला होता. खुशालराव घामानं निथळत भाता मारायचे, सा धरायचे, पंचम धरायचे, आणि कधी भाजीवाला ओरडायचा, कधी शेजारच्यांचा कुकर शिट्टी द्यायचा, की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी सूर अगदी मनासारखा भरला गेला आणि शेवटी शेवटी खुशालराव हळूच खाकरले. मैनाबाई म्हणाल्या, पुन्हा घ्या. तर ते म्हणाले, "राहू दे आता. कुलर लाव पह्यले."

ते खाकरणं तसंच राहिलं. सूर फिरून फिरून वाजायचा आणि दर अर्ध्या मिनिटानं त्यात एक बारीकसं खाकरणं यायचं. मंडळाला त्याची इतकी सवय झाली की काकड्याची पहिली ओळ त्या खाकरण्यानंतरच उठायची. चतुराबाई म्हणजे मंडळातली खंजिरीवाली, मैनाबाईंच्या बरोबरीची आणि जिभेला हाड नसलेली. ती म्हणायची, "मैनाबाई, भाऊले थोडा ज्येष्ठमध देत जा न बाप्पा."

खुशालराव गेले त्या वर्षीच्या काकड्याला पहिल्या पहाटे ते खाकरणं आलं तेव्हा चतुराबाईनं खंजिरी खाली ठेवली आणि डोळ्याला पदर लावला. त्यानंतर तिनं तशी थट्टा कधी केली नाही.

तेरवीच्या दिवशी मैनाबाईंनी पेटी वलगावला देऊन टाकली होती. वलगाव हे अमरावतीजवळचं खुशालरावांचं जन्मगाव, आणि तिथल्या मारुतीच्या पारावर ते पेटी शिकले होते. मुलगा म्हणाला होता, राहू दे घरात, आठवण आहे. पण मैनाबाईंचं म्हणणं सरळ होतं. न वाजणाऱ्या पेटीचा भाता उंदीर खातात. देवाच्या दारात ती वाजत राहील, आणि सूर काय, तो तर पाटीत आहेच. पैसे मोजून घेतलेली वस्तू, ती कुठे जाते?

अशी सहा वर्षं गेली.

यंदाच्या खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजायला काढली. खुशालरावांचं तार गुंडाळायचं यंत्र, विळी, शिलाई मशीन, नातीची स्कूटी, आणि रिवाजाप्रमाणे पाटी. नात आकांक्षा कॉलेजात जाणारी. आजीवर तिचा जीव, आणि या दिवशी सगळं पुसून लखलखीत करायचं काम दरवर्षी तिच्याकडे. तिनं पाटीची काच पुसली, कडांमधली धूळ काडीनं काढली. मग तिला वाटलं, वरून पुसलं तसं आतूनही पुसावं. पाटी कितीतरी दिवस जागा भरली, जागा भरली म्हणून कुरकुरत होती. आकांक्षानं पाहिलं, तर सगळ्यात जास्त जागा त्या सुराच्या सॉफ्टवेअरनंच व्यापलेली. तिनं ते काढून टाकलं. हे विकत घेतलेलं आहे हे आजोबांच्या तोंडून तिनं लहानपणी शंभरदा ऐकलं होतं, आणि विकत घेतलेलं एक बोट दाबलं की परत येतं हे तिच्या वयाच्या सगळ्यांनाच माहीत. पाटी हलकी झाली, भराभर चालायला लागली. तिच्यावर हळद-कुंकू, झेंडूचं फूल आणि अक्षता पडल्या. मैनाबाईंनी नमस्कार केला.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर आकांक्षा ते परत घ्यायला बसली. खरेदी केलेल्या वस्तूंच्या यादीत आजोबांनी घेतलेली ती वस्तू होती. नाव होतं, घेतल्याची तारीख होती. पण दाबायला जागाच नव्हती. खाली राखाडी अक्षरांत एवढंच लिहिलेलं, की हे आता उपलब्ध नाही. तिनं पाटी बंद करून चालू केली. आपल्या फोनवरून पाहिलं. बनवणाऱ्याच्या पत्त्यावर मेल पाठवला, तो मिनिटाच्या आत परत आला, असा पत्ताच नाही म्हणून. दुकानातून ते कितीतरी वर्षांपूर्वी उठलेलं होतं. आपल्या घरात चालू होतं म्हणून कोणाला कळलं नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी एकादशी. मैनाबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली आणि पाहिलं तर नातीनं ताटली बाजूला सरकवलेली.

"काहून व, खिचडी काहून ठेवली? मिरची लागली काय?"

आकांक्षानं सगळं सांगून टाकलं. सांगताना ती रडली नाही, पण एकेक शब्द दोनदा म्हणत होती. मैनाबाई ऐकत राहिल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही.

"त्यायचं खाकरणं बी गेलं काय?"

आकांक्षानं मान हलवली.

मैनाबाई तिला एका शब्दानं रागावल्या नाहीत. ताटली उचलून तिच्या पुढ्यात ठेवली, वरून दाण्याचा कूट घातला आणि म्हणाल्या, उपाशी राहून काय होणार आहे, खाऊन घे. मग देवघरात जाऊन बसल्या आणि जप करायला लागल्या. मणी मात्र पुढे सरकत नव्हते, हे आकांक्षाला दारातून दिसत होतं. काकडा चार दिवसांवर आला होता.

संध्याकाळी तिनं फुकटातलं एक नवं सॉफ्टवेअर आपल्या फोनवर घेतलं आणि आजीपुढे लावलं. सूर चांगला होता, गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. मैनाबाईंनी डोळे मिटले, सूर धरला, तोंड उघडलं, तेवढ्यात आतून एक बाई ठणकावून विचारायला लागली की आपल्या मुलीसाठी मनासारखं स्थळ शोधताय का. चतुराबाई तिथंच प्रसादाच्या दाण्याचं विचारायला आलेली होती. "विठ्ठलाच्या काकड्यात सोयरीक जमवाची काय आता," ती म्हणाली. तिघीही हसल्या. पण हसून झाल्यावर आकांक्षानं फोन बंद केला.

द्वादशीला मैनाबाईंनी पेटीतून एक घडी घातलेला कागद काढला. पेटी म्हणजे पत्र्याची, दागिने-कागदांची. खुशालरावांनी त्या खरेदीची पावती तेव्हाच छापून ठेवली होती. ती आणि पाटी फडक्यात बांधून त्या आकांक्षाला घेऊन अब्दुल रहीम यांच्या दुकानात गेल्या.

ते दुकान मजेचं होतं. एकच गाळा, मधोमध फळी. डाव्या हाताला अब्दुल रहीम पेट्या दुरुस्त करायचे, तबल्याला पुडी चढवायचे. उजव्या हाताला त्यांचा मुलगा अजहर फोन दुरुस्त करायचा. बापाकडे लाकूडभुसा, मुलाकडे भिंगाचा दिवा. खुशालरावांची पेटी चाळीस वर्षं याच दुकानात यायची, आणि पाटी आल्यापासून तिची बॅटरीही अजहरनंच दोनदा बदललेली. खुशालराव गंमतीनं म्हणायचे, माझा सूर बापाकडून लेकाकडे गेला.

अजहरनं पावती वाचली आणि आदरानं घडी घालून परत दिली. पावती खरी आहे म्हणाला, पण तिचा उपयोग नाही. मग त्यानं समजावलं, की काकांनी ती वस्तू घेतली नव्हती, वापरायची परवानगी घेतली होती. देणाऱ्यानं गाशा गुंडाळला की परवानगी विचारायची कोणाला. तरी त्यानं जीव तोडून खटपट केली. कुठून तरी त्या सॉफ्टवेअरची जुनी प्रत शोधून काढली आणि पाटीत घातली. ती उघडली, आणि खरेदीची खात्री करून घेते म्हणून गोल गोल फिरत बसली.

"चाची, मालकाचं घर कवाचं बंद हाये, आन हे दार वाजवून राहिलं," अजहर म्हणाला.

आणि ते दार उघडलं असतं तरी आत सूर नव्हताच. सूर या पाटीत होता, आणि तो पुसला गेला होता. पुसलेलं परत काढता येतं का तेही त्यानं दोन तास बसून पाहिलं. खुशालरावांनी काढलेला एका मोटारीच्या गुंडाळीचा जुना फोटो तेवढा निघाला. मैनाबाईंना लग्नात आलेलं तांब्याचं गंगाळ आठवत होतं. त्याच्या काठावर त्यांचं नाव, खुशालरावांचं नाव, वलगाव आणि तिथी कोरलेली. अठ्ठेचाळीस वर्षं त्या रोज त्यात अंघोळीचं पाणी काढत होत्या, आणि ज्यानं ते घडवलं तो तांबट कधीच देवाघरी गेला असेल, म्हणून काही गंगाळ नाहीसं झालं नव्हतं. नाव कोरता येत नाही अशी वस्तू विकत घ्यायची तरी कशी, हा प्रश्न त्यांनी अजहरला विचारला नाही. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.

फळीपलीकडून अब्दुल रहीम इतका वेळ ऐकत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातातली कानस न थांबवता बोलणारा.

"वहिनी, पाटी गेली तं गेली. पेटी तं हाये ना?"

"वलगावले देऊन टाकली, रहीमभाऊ."

कानस थांबली. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. त्या पेटीतल्या पांढऱ्या पाचची पितळी जीभ जराशी उतरलेली होती. केसाएवढी. रहीमभाऊंनी ती घासून वर आणायला घेतली, तर खुशालराव हात धरून बसले. म्हणाले, तिला हात लावायचा नाही. घरचा गळा नेमका तिथंच बसतो. इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणत्याच गिऱ्हाइकानं बेसूर जीभ राखायला सांगितली नव्हती, म्हणून रहीमभाऊंच्या ती लक्षात राहिली.

"जाऊन पाहा," ते म्हणाले. "कोणी घासली नसन, तर तुमचा सूर तिथंच बसला असन."

त्रयोदशीला सकाळच्या एसटीनं आजी-नात निघाल्या. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटायला लागली होती. आकांक्षा खिडकीशी बसून बाहेर पाहत होती. मैनाबाईंना मात्र बोलावंसं वाटत होतं. त्यांनी सांगितलं, की लग्नानंतर पहिल्यांदा त्या वलगावला आल्या तेव्हा खुशालरावांनी त्यांना पारावर गायला लावलं होतं, सगळ्या गावासमोर, घोंगडीवर बसवून. सासूबाई रागावल्या होत्या. आणि रात्री सासूबाईंनीच ते भजन पुन्हा म्हणायला सांगितलं होतं. आकांक्षानं विचारलं, तेव्हा पट्टी कोणती होती. मैनाबाई म्हणाल्या, तेव्हा मला पट्टी म्हणजे काय ते कुठं माहीत होतं. ते जिथं धरायचे तिथून मी म्हणायची.

अमरावतीहून दुसरी गाडी धरून त्या वलगावला पोचल्या तेव्हा बारा वाजत आले होते. बंडू म्हणजे खुशालरावांचा पुतण्या, आता मारुतीच्या देवळाची व्यवस्था त्याच्याकडे. काकू अचानक आलेली पाहून त्याची धांदल उडाली. चहा झाला, तब्येती झाल्या. मग मैनाबाईंनी पेटी पाहायची आहे म्हणून सांगितलं. एवढंच सांगितलं, कशासाठी ते नाही.

बंडूनं फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेली पेटी उचलून आणली आणि अभिमानानं चादर काढली. मैनाबाईंनी आधी ओळखलीच नाही. लाकडाला नवं पॉलिश, भात्याला नवं कातडं, समोर देवाचं चकचकीत चित्र चिकटवलेलं. मागच्या सप्ताहाच्या आधी अमरावतीच्या कारागिराकडून सगळी तयार करून आणली, बंडू सांगत होता. "एकेक सूर घासून सरळ करून देल्ला त्यानं. एक जरासा खाली होता, तो बी वर आणला. आता अक्षी नवी झाली, काकू."

मैनाबाईंनी भाता ओढला आणि पांढरी पाच दाबली. सूर आला. स्वच्छ, सरळ, कोणाचाच नसलेला. त्यांनी बोट काढून घेतलं आणि भाता हळूहळू बसू दिला.

आकांक्षाला कळलं. तिनं आजीच्या पाठीवर हात ठेवला. बंडूला कळलं नाही, आणि मैनाबाईंनी त्याला ते कळू दिलं नाही. माणसानं चांगल्यासाठीच केलेलं, देवाच्या वस्तूची निगा राखली, त्यात त्याला काय बोलायचं. त्या म्हणाल्या, छान ठेवली आहेस बाबा.

"मंग एक भजन होऊन जाऊ दे," बंडू म्हणाला आणि त्यानं आत हाक मारली. स्वयंपाकघरातून त्याची सून प्रणाली आली, हाताचं पीठ पदराला पुसत. नांदगाव खंडेश्वरची मुलगी, दोन वर्षांपूर्वी या घरात आलेली. माहेरी वडिलांच्या भजनी मंडळात पेटी धरायची, इथे आल्यावर तीच देवळात वाजवते, असं बंडूनं सांगितलं. पायांवर डोकं ठेवून ती मांडी घालून बसली आणि कोणती पट्टी म्हणून विचारलं. मैनाबाईंनी सवयीनं सांगितली, पांढरी पाच.

भजन काकड्याचंच घेतलं, देवाला जागं करायचं. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीला वर जायचं होतं. वर जाताना गळ्यात काहीतरी अडलं आणि स्वर फाटला. गेली दोन-तीन वर्षं तो तिथं फाटायचा. मैनाबाई ते वयावर घालायच्या, ज्येष्ठमधाची काडी चघळायच्या, पहाटे मिठाच्या गुळण्या करायच्या. पाटी काही ऐकत नव्हती, ती तिच्या जागी उभी असायची, आणि तिथवर पोचायची जबाबदारी मैनाबाईंची.

ओळ फिरून आली तेव्हा प्रणालीची बोटं सरकली. तिनं वर पाहिलं नाही, खूण केली नाही. पांढऱ्या पाचवरून काळ्या तीनवर, एकच पट्टी खाली. मैनाबाईंचा गळा आपोआप त्या नव्या जागेत उतरला आणि वरची ओळ, जी ही दोन-तीन वर्षं ओढून आणावी लागायची, ती सहज चालत आली. भजन संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा आधी पेटीमागे पाहिलं, कोण बसलं आहे ते.

"तुले कोणी सांगतलं व, पट्टी बदलाले?"

"तुमाले वर जाता येऊन नाई राहिलं ना, आजी," प्रणाली म्हणाली. "मंग मी खाली आली."

मैनाबाई हसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्यांनी बंडूला सगळं सांगितलं. पाटीचं, खंडेनवमीचं, रहीमभाऊंनी सांगितलेल्या त्या उतरलेल्या जिभेचं. कोणाला बोल न लावता सांगितलं, तरी बंडूचा चेहरा उतरला. तो उठला आणि पेटी पुन्हा चादरीत बांधायला लागला. म्हणाला, काकू, तुमचीच आहे, घेऊन जा, आम्ही दुसरी पाहू.

"ठेव ती खाली," मैनाबाई म्हणाल्या. "देवाले देल्लेलं परत घेतलं, तर तिकडं त्यायले काय तोंड दाखवू? आन घेऊन जाऊन वाजवीन कोण? या पोट्टीले नेऊ काय सोबत?"

तो तोडगा प्रणालीनंच काढला. इथला काकडाही पहाटे पाचलाच सुरू होतो, आणि ती पाच-दहा मिनिटं आधी पेटी मांडून बसते. आजीनं फोन करावा, ती सूर धरून देईल. एकदा गळ्यात बसला की झालं. सासरा म्हणाला, ही पाचला बसते खरी, पण उठवायला सासूला तीन हाका माराव्या लागतात. मैनाबाई म्हणाल्या, मग यंदा सासूला आराम, हिला मी उठवीन.

परतीच्या गाडीत आकांक्षाचा जीव जरा हलका झाला होता. तिनं एक युक्ती सुचवली, की रोज फोन कशाला, प्रणालीचा सूर एकदाच फोनमध्ये भरून ठेवू, महिनाभर पुरेल. मैनाबाईंनी मान हलवली.

"नोको. भरून ठेवला होता न एकदा." आणि मग नातीला वाईट वाटू नये म्हणून तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अन् उद्या गळा कसा राहीन, ते आज काय सांगू मी?"

पौर्णिमेच्या पहाटे मंदिरात बायका जमल्या. मैनाबाईंनी समईशेजारी नेहमीच्या जागी लाल फडकं अंथरलं आणि त्यावर आपला साधा फोन ठेवला. पाटी घरी देवघरात होती, हळदीकुंकवाचे डाग तसेच ठेवून. चतुराबाईला आदल्या दिवशीच सगळं कळलेलं होतं, तरी ती वाकून फोनकडे पाहून गेलीच. फोन चार-पाचदा वाजला. मग उचलला गेला, आणि झोपेनं जड झालेला आवाज गाभाऱ्यात घुमला, आज गळा कसा आहे आजी. मैनाबाई म्हणाल्या, गार हवा आहे, जरा खालूनच दे. पलीकडे भात्याचा श्वास ऐकू आला, आणि मग सूर. मैनाबाईंनी तो ओठ मिटून घेतला, नीट बसवला, आणि हात जोडून फोन बंद केला.

मंदिरात आता कुठलाच सूर वाजत नव्हता. तो एकट्या मैनाबाईंच्या गळ्यात होता. त्यांनी तो उघडून सगळ्यांना दिला, बायकांनी धरला. पण पहिली ओळ काही उठेना. वीस-बावीस बायका आणि स्वतः मैनाबाई, सगळ्याच सवयीनं थांबल्या होत्या, खुशालरावांच्या खाकरण्यासाठी.

ते आलं नाही. तेवढा वेळ जाऊ देऊन चतुराबाईनं खंजिरीवर थाप मारली आणि काकडा सुरू झाला.